उलाढाल थोडी, मग नोंदणी कशाला? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात गोव्यातल्या छोट्या व्यावसायिकांकडून आलेल्या जवळजवळ प्रत्येक पत्रात पहिल्याच ओळीत वर्षाची उलाढाल दिली आहे. ती लागतेच. पण माल कोणाकडून घेता, कुठे पाठवता आणि हाताखाली माणसे किती, हेही पत्रात असते तर उत्तरे अर्ध्या जागेत मावली असती. पुढच्या पत्रात तेवढे आवर्जून लिहा.

प्रश्न : काजू सोलून, भाजून विकण्याचा आमचा घरगुती उद्योग आहे. बिया सत्तरी तालुक्यातल्याच बागायतदारांकडून घेतो. वर्षाला १४ लाखांची विक्री होते. ४० लाखांपर्यंत जीएसटी लागत नाही असे सगळे सांगतात. हल्ली पुण्याला आणि बेळगावला कुरिअरने पाकिटे पाठवू लागलो आहोत. काही चुकत तर नाही ना? (वाळपई)

चुकते आहे. वस्तू विकणाऱ्याला गोव्यात ४० लाखांची मर्यादा आहे हे खरे. पण ती मर्यादा पाहण्याआधीच कायदा काही जणांना बाजूला काढतो, आणि तुम्ही त्यांच्यातच आहात.

ते म्हणजे राज्याबाहेर माल विकणारे. पुण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट विकले तरी ती आंतरराज्य विक्री झाली, आणि वस्तूंच्या आंतरराज्य विक्रीला उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची आहे.

नोंदणी झाली की दुसरी गोष्ट बियांची, आणि ती बहुतेकांना ठाऊकच नसते. न सोललेल्या काजूबिया थेट शेतकऱ्याकडून घेतल्या तर त्यावरचा ५ टक्के कर विकणाऱ्याने नव्हे, नोंदणी असलेल्या घेणाऱ्याने भरायचा असतो. यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात.   बागायतदाराला मात्र स्वतःच्या बागेतल्या उत्पन्नासाठी नोंदणी लागत नाही, त्यामुळे त्याच्याकडे जीएसटी नंबर मागत बसू नका.

हिशेब असा चालतो. समजा एप्रिलमध्ये २,००० किलो बी १२० रुपयांनी घेतले. रक्कम २,४०,००० रुपये, त्यावर कर १२,००० रुपये. हे १२,००० जीएसटी पोर्टलवरच्या रोख खात्यातूनच जातात. आधीचे क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) शिल्लक असले तरी इथे चालत नाही. भरल्यावर तेवढ्याच रकमेचे क्रेडिट मिळते आणि काजूगर विकताना लागणाऱ्या ५ टक्क्यांत ते वळते होते. पैसा बुडत नाही, अडकतो. बी येते मार्च ते मे, गर खपतात चतुर्थी-दिवाळीला आणि डिसेंबरात. तेवढे महिने ही रक्कम तुमच्या भांडवलातून गेलेली असते, म्हणून हंगामाचा पैसा मोजतानाच ती धरा.

प्रत्येक बागायतदाराच्या खरेदीसाठी तुम्हीच तुमच्या नावे बिल करायचे, माल आल्यापासून ३० दिवसांच्या आत. त्यावर त्याचे नाव, गाव, किलो, दर आणि कर. पैसे देताना पेमेंट व्हाउचर वेगळे. शक्य असेल तर बागायतदाराच्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याची झेरॉक्स फाइलला लावून ठेवा. कारण हीच बी मधल्या दलालाकडून घेतली तर तो शेतकरी नाही आणि रिव्हर्स चार्जही नाही. उद्या कोणी विचारले तर कोणती खरेदी कुठली हे कागदावरूनच सांगता यायला हवे.

१ टक्क्याची कंपोझिशन योजना (उलाढालीवर ठोक दराने कर भरण्याची) घ्या असा सल्ला कोणी दिला तर हात जोडा. त्या योजनेत राज्याबाहेर माल विकता येत नाही, आणि बियांवरचे ५ टक्के भरावे लागतात ते लागतातच, वर त्यांचे क्रेडिटही मिळत नाही.

पाकिटाकडेही एकदा नीट पाहा. अन्नसुरक्षा नोंदणीचा किंवा परवान्याचा १४ अंकी क्रमांक त्यावर हवाच. वजनमाप खात्याच्या नियमांप्रमाणे पॅक करणाऱ्याचे नाव-पत्ता, पदार्थाचे नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल हवा. शिवाय एकक किंमत, जी बहुतेक घरगुती पाकिटांवर नसते: २५० ग्रॅमचे पाकीट ३०० रुपयांना असेल तर ‘दर ग्रॅम १.२० रुपये’ असे छापायचे. इंग्रजीत वजन लिहिताना ‘जीएमएस’ लिहू नका, ग्रॅमचे चिन्ह एकटे लहान ‘जी’ आहे. क्षुल्लक वाटते, पण निरीक्षकाचे बोट बहुतेक तिथेच जाते. छापलेल्या किमतीवर जास्त किमतीचा स्टिकर डकवायचा नाही. कमी किमतीचा चालतो, मात्र मूळ किंमत झाकली जाता कामा नये. पॅकर म्हणून वजनमाप खात्याकडे नोंदणीचा अर्ज पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत करायचा असतो. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावरचा शिक्का दर वर्षी.

प्रश्न : आमचा छोटा बार आहे, सोबत जेवणखाण. दारूची विक्री १७ लाख, जेवणाची ६ लाख. दारूवर जीएसटी नाही, म्हणजे आमची उलाढाल ६ लाखच धरायची ना? (काणकोण)

नाही. दारूवर जीएसटी लागत नाही, पण नोंदणीची मर्यादा मोजताना एका पॅनवरची सगळी विक्री एकत्र धरतात, करमुक्त आणि कराबाहेरचीही. फेणी, बिअर, मासळीचे ताट, सगळे एकाच बेरजेत. तुमचे झाले २३ लाख. जेवण वाढणे ही सेवा असल्याने मर्यादा २० लाखांची. ती ओलांडली की नोंदणी घ्यायची. कर मात्र फक्त जेवणावर, ५ टक्के, आणि खरेदीवरचे क्रेडिट नाही. हॉटेलवाल्यांच्या कंपोझिशन योजनेचे दार तुम्हाला बंद आहे, कारण ती दारू देणाऱ्यासाठी नाही.

बिलावर दारू आणि जेवण वेगळे दाखवा. एकत्र ‘बार बिल’ लिहून दिले की सगळ्या रकमेवर ५ टक्के मागितले जातात आणि मग वाद घालावा लागतो. अबकारी परवान्याचे वर्ष ३१ मार्चला संपते. नूतनीकरण शेवटच्या आठवड्यात काढायला जाऊ नका; पंचायतीची एखादी पावती राहिली असेल तर तिथेच अडकाल.

प्रश्न : माझे रेस्टॉरंट आहे. कायम कामावर सात जण, सफाईला कंत्राटदाराचे दोघे, शनिवार-रविवारी एक वाढपी. शिवाय पुतण्या काउंटरवर बसतो. पीएफ, ईएसआय लागू होतात का? (मडगाव)

पीएफचा आकडा २० माणसांचा आहे, तो सध्या दूर आहे. ईएसआयचा (कामगारांच्या आरोग्यविम्याची सरकारी योजना) १० चा, आणि तो तुम्ही गाठला आहे. कायम नेमणूक असलेलेच मोजायचे असा समज सर्रास दिसतो. कंत्राटी मोजतात, रोजंदारीचेही मोजतात. पुतण्या पगार घेत असेल तर तोही. मालक म्हणून तुम्ही स्वतः धरले जात नाही. म्हणजे शनिवारी तुमचे दहा किंवा अकरा होतात. एकदा लागू झाले की पुढे माणसे कमी झाली म्हणून ते आपोआप सुटत नाही.

महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांचा वाटा भरायचा : कामगाराचा ०.७५ टक्के, तुमचा ३.२५ टक्के. १६,००० वेतनावर कामगाराचे १२० आणि तुमचे ५२०, एकूण ६४० रुपये, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. एवढ्यात त्याला आणि त्याच्या घरच्यांना मडगावच्या ईएसआय इस्पितळात उपचार मिळतात. स्वयंपाकघरात तेल उडून हात भाजला तर खर्च कोणी करायचा हा वाद उरत नाही. नोंदणी नसताना अपघात झाला तर मात्र ते ओझे मालकाच्या अंगावर येते, मागची वर्गणी आणि व्याज वेगळे. कंत्राटदाराच्या दोघांची वर्गणी तो भरतो की नाही हेही दर महिन्याला चलनाची प्रत घेऊन बघा, कारण त्याने बुडवली तर वसुली तुमच्याकडून होते.

चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहेत. तुमच्यासारख्यांना त्यातल्या तीन गोष्टी आधी टोचतील. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यावे लागते, रोजच्या ओळखीचा माणूस असला तरी. पगार ७ तारखेपर्यंत व्हावा लागतो, आणि काम सोडणाऱ्याचा वेतनाचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत. तिसरी गोष्ट भत्त्यांची. १८,००० पगारात मूळ वेतन ६,००० आणि भत्ते १२,००० दाखवायची जुनी युक्ती आता चालत नाही. असे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात मिळवतात. इथे निम्मे ९,०००, वरचे ३,०००. म्हणून वेतन धरले जाईल ९,०००.

दहा माणसांच्या या आकड्याला आणखी दोन शेपट्या आहेत. एक ग्रॅच्युइटी. दुसरी म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती : अध्यक्ष महिला, कामगारांपैकी किमान दोघे, बाहेरचा एक सदस्य, आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला. समिती नेमली नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. हाताखाली बायका नाहीत म्हणून समिती नको, हे उत्तर चालत नाही. सुटी माणसेही मोजली जातात आणि गिऱ्हाईक म्हणून आलेली बाईसुद्धा तक्रार करू शकते.

प्रश्न : घरातल्या दोन खोल्या हंगामात पर्यटकांना देतो. बुकिंग बहुतेक ऑनलाइन पोर्टलवरून येते. हा धंदा धरला जातो का? (हरमल)

धरला जातो. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, दोनच खोल्या असल्या तरी. त्यासाठी घराचे कागद, घरपट्टीची पावती, पंचायतीचा ना-हरकत दाखला आधी गोळा करा. घर किनाऱ्याजवळ असेल तर बांधकाम कायदेशीर असल्याचा कागद हा खरा अडथळा ठरतो. नोंदणीचा अर्ज तिथे अडकतो आणि लोक दोष देतात खात्याला.

परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवायची. सगळे याला अजून सी-फॉर्म म्हणतात. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा परदेशी नागरिक कायदा आला, तरी कळवण्याचे बंधन राहिलेच. चूक बहुधा इथे होते : पाहुणा रात्री दहाला येतो, पासपोर्टचा फोटो फोनमध्ये राहतो आणि दुसऱ्या दिवशी तो पुढे निघून जातो. व्हिसाचे पान आणि भारतात आल्याच्या शिक्क्याचे पान, दोन्हींचे फोटो चावी देण्याआधी घ्या.

जीएसटीची मर्यादा सेवेसाठी २० लाख. त्याखाली असाल तर पोर्टलवरून आलेल्या बुकिंगचा कर पोर्टलच भरते, तुम्हाला नोंदणी नको. फोनवर थेट घेतलेल्या बुकिंगवर २० लाखांखाली कर नाहीच. पुढे नोंदणी घ्यावी लागली तर दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के. त्याच पॅनवर तुमचे दुकानही असेल तर दोन्हींची बेरीज करा; वर काणकोणच्या वाचकाला सांगितले तेच.

प्रश्न : माझे स्टेशनरीचे दुकान, बायको शिक्षिका. करसल्लागार म्हणतात दुकानाचा निम्मा नफा तिच्या विवरणपत्रात दाखवा. हे खरेच चालते? (फोंडा)

चालते असे नाही, तसेच करावे लागते. पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे ज्या नवरा-बायकोची मिळकत सामाईक आहे त्यांचे पगार सोडून बाकी सगळे उत्पन्न आयकर निम्मे-निम्मे वाटतो. दुकानाचा नफा ९ लाख आणि तिचा पगार ६ लाख असेल तर तुमचे उत्पन्न साडेचार लाख, तिचे साडेदहा. तिच्या ठेवीवर ४०,००० व्याज आले तर त्यातले २०,००० तुमच्याकडे येतात.

दोघांनाही ‘सहज’ हा विवरणपत्राचा साधा फॉर्म चालत नाही. परिशिष्ट ५ए असलेला फॉर्म घ्यावा लागतो. त्यात एकमेकांचे पॅन, वाटलेले उत्पन्न आणि वाटलेला टीडीएस (आधीच कापला गेलेला कर) लिहायचा. गोंधळ टीडीएसमध्येच होतो. बँकेने कापलेली रक्कम एकाच्या पॅनवर दिसते. उत्पन्न वाटले आणि टीडीएस वाटला नाही, किंवा एकाने परिशिष्ट भरले आणि दुसऱ्याने नाही, की परतावा अडकून पत्र येते. म्हणून दोन्ही विवरणपत्रे एकाच बैठकीत, समोरासमोर ठेवून भरा.

लग्नाआधी कराराने मिळकत वेगळी ठेवली असेल तर हे लागू नाही. बाहेरून येऊन गोव्यात स्थायिक झालेल्या जोडप्याला केवळ इथे राहिल्याने लागू होत नाही. आणि जीएसटी हे वाटप मानत नाही : दुकान ज्याच्या पॅनवर, त्याचीच सगळी उलाढाल.

प्रश्न : आमचे हिशेब सावंतवाडीचे अकाउंटंट बघतात. ते कामगारांच्या पगारातून प्रोफेशनल टॅक्स कापायला सांगतात. (पेडणे)

गोव्यात काम करणाऱ्यांना तो नाही. पगारातून दरमहा कापायचा हा कर महाराष्ट्राचा. गोवा सरकार तसा कर घेत नाही. कापला असेल तर परत द्या.

बांद्याला किंवा सावंतवाडीला गोदाम काढून तिथे माणूस बसवला, तर मात्र त्याच्यासाठी लागेल : महिन्याला १०,००० च्या वर पगार असेल तर २०० रुपये, फेब्रुवारीत ३०० (महिलांना २५,००० पर्यंत माफी), आणि मालकाचे स्वतःचे वर्षाला २,५००. तिथली जीएसटी नोंदणीही वेगळी. आपला नंबर ३० ने सुरू होतो, त्यांचा २७ ने, आणि स्वतःच्याच दुकानातून स्वतःच्याच गोदामात माल नेला तरी ती करपात्र विक्री धरतात. ५०,००० च्या वरचा माल पत्रादेवीचा नाका ओलांडण्याआधी ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला) काढा.

प्रश्न : हॉटेलांना कागदी पिशव्या आणि खोकी करून पुरवतो. पैसे चार-चार महिने येत नाहीत. उद्यम नोंदणी आहे. काही उपयोग? (कुंकळ्ळी)

आहे, कारण तुम्ही स्वतः माल बनवता. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला हे संरक्षण नाही. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. करारात ९० दिवस लिहिले असले तरी ४५ च्या पुढचे दिवस कायदा मानत नाही. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज चढते.

गिऱ्हाइकाशी भांडण नको असेल तर एक मऊ शस्त्र आहे. वेळेत न दिलेली आणि ३१ मार्चला थकलेली तुमची रक्कम हॉटेलला त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही. त्यांचा नफा कागदावर तेवढा फुगतो आणि कर चढतो. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांच्या लेखा विभागाला बिलांची यादी, उद्यम क्रमांक आणि मुदत संपल्याच्या तारखा लिहून पाठवा. मालकापेक्षा अकाउंटंट लवकर हलतो. त्यानेही भागले नाही तर राज्याच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असू द्या. माल पुरवल्यानंतर काढलेली नोंदणी मागच्या बिलांना कामी येईलच याची खात्री नाही.

प्रश्न : मोबाइल दुरुस्तीचे दुकान दीड वर्षापूर्वी बंद केले. जीएसटीची विवरणपत्रे तेव्हापासून भरलेली नाहीत. आता धंदाच नाही, तर सोडून दिले तर? (डिचोली)

सोडून देऊ नका. आधी पोर्टलवर नोंदणीची स्थिती पाहा. सलग विवरणपत्रे चुकली की (दरमहा भरणाऱ्याची सहा महिने, तिमाहीची दोन तिमाह्या) अधिकारी स्वतःहून नोंदणी रद्द करू शकतात, आणि नोटीस जुन्या ईमेलवर जाऊन पडलेली असते. रद्द झाली असेल तर रद्द झाल्याच्या तारखेपर्यंतची विवरणपत्रे आणि तीन महिन्यांत भरायचे अंतिम विवरणपत्र जीएसटीआर-१० राहिले असणार. अजून चालू असेल तर आधी शून्याची विवरणपत्रे भरा : विलंबशुल्क दिवसाला २० रुपये, एका विवरणपत्राला जास्तीत जास्त ५००. मग रद्द करण्याचा अर्ज द्या. दुकान बंद करताना सुटे भाग आणि स्क्रीन शिल्लक होत्या आणि त्यांचे क्रेडिट घेतले होते, तर ते परत करावे लागेल. त्या मालाची यादी आत्ताच करा. मुदतीनंतर तीन वर्षांनी पोर्टल विवरणपत्र स्वीकारतच नाही, मग पैसे द्यायची तयारी असूनही खाते मिटवता येत नाही.

नगरपालिकेचा व्यापार परवानाही लेखी अर्ज देऊन बंद करा आणि पोच घ्या. नाहीतर त्या गाळ्याची थकबाकी तुमच्या नावावर वाढत राहील, आणि ती कळेल नव्या जागेचा परवाना मागायला जाल तेव्हा.